केरूशेठ स्कॅनरवाले

पेणहून वडखळकडे जाताना केरू मोकलचं गॅरेज लागतं. वीस वर्षं तो नुसता केरू होता. बॉनेट उघडायचा, इंजिनावर ओणवा होऊन डोळे मिटून ऐकायचा आणि सांगायचा, दोन नंबरचा प्लग गेलाय. बहुतेक वेळा तो गेलेलाच असायचा. मग पनवेलच्या एका हॉटेलात तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, जेवणखाण धरून. तिथून केरू गाडीचा बिघाड पडद्यावर दाखवणारा स्कॅनर घेऊन परतला आणि केरूशेठ झाला.

तेव्हापासून त्याने हात काळे करणं सोडलं. गाडी आली की स्टेअरिंगखाली वायर जोडायची, पडद्यावर उमटलेला कोड खणखणीत आवाजात वाचायचा आणि त्यातून जो पार्ट सुचेल तो बदलायचा, असा नवा धर्म त्याने पत्करला. गिऱ्हाईक काही सांगू लागलं तर तो हात वर करून गप्प करी. गाडी स्वतः बोलत असताना मध्ये माणूस कशाला, असं त्याचं म्हणणं होतं.

रोह्याजवळच्या वरसे गावची नमिता डोलवीच्या कंपनीत कँटीनला कामाला जाणाऱ्या बायकांना आपल्या व्हॅनमधून नेते-आणते. तिची गाडी उभ्या उभ्या थरथरायला लागली, चढाला दम टाकू लागली आणि समोर पिवळा दिवा पेटला. केरूशेठने वायर जोडली. इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातेय, असं स्कॅनर म्हणाला. केरूशेठने निदान केलं की हवा मोजणारा सेन्सरच खोटं बोलतोय. नवा बसवला आणि बटण दाबून कोड पुसला. दिवा विझला. दृष्ट काढणाऱ्या म्हातारीच्या चेहऱ्यावर असतं तसं समाधान त्याच्या चेहऱ्यावर पसरलं.

चार दिवसांनी दिवा परत पेटला. मग ऑक्सिजन सेन्सर बदलला. पुढच्या आठवड्यात इंजिनात हवा सोडणारा थ्रॉटल साफ झाला. नमिताने सांगून पाहिलं की रेस दिली की पुढून कसला तरी आवाज येतो. केरूशेठने हात वर केला आणि तिसऱ्या खेपेला दोष तिच्यावरच टाकला. "ताई, बायकांचा पाय जरा घाबरट असतो. गाडी काय करणार?"

नमिता अकरा वर्षं गाडी चालवत होती.

पुढचं केरूशेठला नंतर कळलं. भिसे खिंडीच्या चढावर गाडी बंद पडली आणि सकाळच्या शिफ्टच्या सात बायका रस्त्यावर उतरल्या. त्यांच्यात बायजाबाई होती. आता मुलाकडे वरशाला राहत असली, तरी तिचं निम्मं आयुष्य पेणच्या खाडीवर, मिठागरात गेलं होतं. नमिताने गाडी परत चालू केली तशी बायजाबाईने मान तिरकी केली. खाडीचं पाणी खेचणाऱ्या पंपाच्या पायपाला चीर गेली की तो असाच फुसफुसायचा. तिने बॉनेट उघडायला लावलं आणि एअर फिल्टरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या घड्याघड्यांच्या रबरी पायपाखालून हात फिरवला. एका घडीपाशी बोट खेचलं गेलं. सेन्सरच्या पुढे, त्याला चुकवून, न मोजलेली हवा तिथून आत शिरत होती. नमिताकडे टायरच्या जुन्या ट्यूबची रबरी पट्टी होती. ती घट्ट गुंडाळली आणि सात बायका वेळेत डोलवीला पोचल्या.

शिफ्ट सुटल्यावर व्हॅन केरूशेठच्या दारात आली. तिघं गिऱ्हाइकं बसलेली होती. केरूशेठने स्कॅनर लावला. सगळं ठीक दिसत होतं. तो प्रसन्न झाला. नवा सेन्सर रुळायला वेळ लागतो, असं त्याने सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात समजावलं.

बायजाबाई खाली उतरली आणि चालू इंजिनावर वाकून तिने पट्टी सोडली. गाडी थरथरली, पडद्यावरचे आकडे चढले. तिने चिरेवर तळवा दाबला. इंजिन शांत झालं, आकडे उतरले. हात काढला, परत ठेवला. असं तिने तीनदा केलं.

"आमचे पंपाला असाच व्हायचा," ती म्हणाली. "आमच्याकडं मशीन नव्हती. मंग हातानंच बघायचो."

गिऱ्हाइकांतला एक उगाच खोकला. केरूशेठ आकड्यांकडे बघत राहिला. स्कॅनरने पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं की हवा जास्त जातेय. कुठून, ते शोधायला वाकावं लागलं असतं. पूर्वीचा केरू वाकला असता, हे त्या गॅरेजात त्याच्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तेच त्याला झोंबलं. त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या, मुकाट्याने नवा पाइप बसवला. माफी मात्र मागितली नाही. ती प्रशिक्षणात शिकवली नव्हती.

आता तो आधी पाइप चाचपतो, मगच वायर जोडतो. त्याबद्दल त्याची वाखाणणी होते, आणि तो ती घेतो. परवा नमिता ऑइल बदलायला गेली, तेव्हा केरूशेठ एका गिऱ्हाइकाला सांगत होता, की लहानपणी मिठागरावर पंप चालवल्यामुळे आपला हात असा तयार झाला.

"कुठचं मिठागर, केरूशेठ?" नमिताने विचारलं.

केरूशेठने हात वर केला. ती काही थांबली नाही. "बायजामावशी बाहेर गाडीत बसलीय. तिला इथली सगळी मिठागरं माहीत हायत. बोलवू?"

केरूशेठला एकदम तिच्या गाडीचं ऑइल आठवलं. तो बॉनेटखाली शिरला आणि बराच वेळ वर आला नाही.