दगडूतात्यांची झोप

सकाळी हॉटेलात चहाला आलेल्या माणसाला दगडूतात्या आधी विचारायचे, "काय सपान पडलं?" समोरचा "कायबी न्हाई" म्हणाला की हळहळायचे, "मग रातभर झोपून केलंस काय बे?" स्वतःला झोप नाही, म्हणून दुसऱ्याच्या झोपेचं त्यांना भारी कुतूहल. कुशीवर निजतोस की पालथा, डोळा लागतो ते कळतं का, सगळं खोदून विचारायचे.

आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. वर्षानुवर्षं रात्री पाणी धरता धरता त्यांची झोप मोडली ती मोडलीच. पुढे सोलर पंप बसला, तरी डोळा लागेना. गावाची मात्र सोय झाली. "तात्या, लाईट आली की तेवढी माझी मोटार चालू करा," असं सांगून लोक खुशाल झोपत. कुणाला पहिल्या एसटीला उठवायचं असे, कुणाची म्हैस व्यायला झालेली. तात्या कुणाला नाही म्हणत नसत.

मी नववीतून शाळा सोडून सुरतेला कापडाच्या लूमवर आलो. परक्या गावात रात्री धास्तीनं झोप उडाली की मीही त्यांनाच फोन लावायचो. "बोल, म्या हाय," एवढं ऐकलं की जीव थाऱ्यावर यायचा.

दिवसा तात्यांचे हाल. जेवताना घास हातातच राहायचा. भावाशी उगाच भांडण. एकदा म्हणाले, "निजलेल्या माणसाचा लई राग येतो रे. बायकोचाबी." मग एका दुपारी कडबाकुट्टीच्या मशीनवर पेंगले, हात पात्यात जायचा, थोडक्यात वाचला. त्यांच्या बायकोनं, सोजरकाकूंनी, त्याच दिवशी त्यांना केजला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, संध्याकाळचा चहा तोडला आणि रात्रीची कामं बंद करायला सांगितली.

गाव नाराज. "मग आमच्या मोटारी कोण चालू करणार?"

काकू दारातच बसल्या. "ऑटोस्विच बसवा की! माझा नवरा काय स्टार्टर हाय व्हय?"

परवा रात्री मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. नको नको ते मनात आलं. सकाळी काकूंनी उचलला.

"तात्यांना काय झालं?"

"काय व्हायचंय? झोपलेत. अजून उठले न्हाईत."

मागे कुणीतरी मोठ्यानं घोरत होतं.

"काकू, जरा ऐकू द्या."

त्या हसल्या आणि फोन तात्यांच्या उशाशी नेऊन धरला. लूमवर जायला उशीर होत होता, तरी मी ऐकत उभा राहिलो.