पेटीमामांची खरेदी

पेटीमामा कोणतीही वस्तू विकत घेताना आधी तिला कान लावायचे. कलिंगड आणि माठ तर सगळेच वाजवून घेतात, पण मामांनी छताचा पंखा घेताना दुकानदाराला तो अर्धा तास चालू ठेवायला लावला होता. खाली डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "ह्याचं एक पातं रुसलंय. दुसरा दाखवा." दुकानदार आधी हसला, मग त्याने पंखा उतरवून पाहिला. पातं खरोखरच किंचित वाकलेलं निघालं.

चितेगावच्या एका कंपनीत मामा फिटर होते. मशीन कुरकुरायला लागलं की पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि नेमका बिघाड सांगायचा. मोठमोठे इंजिनियर त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. मी त्याच गावातल्या शाळेत शिक्षिका होते आणि रविवारी मामांच्या गायन पार्टीत कोरसला बसायचे. वस्तीवस्तीत जाऊन आम्ही भीमगीतं म्हणायचो. मामा हार्मोनियम वाजवायचे आणि गायचे, म्हणून ते पेटीमामा.

विद्यापीठाच्या नामांतर लढ्याच्या त्या लांबलेल्या वर्षांत मामा कितीतरी मोर्चांत गायले. लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात जाऊन आले. सुटून आल्यावर बायकांनी ओवाळलं, सगळे काळजीने विचारायला लागले. मामा म्हणाले, "बाकी ठीक होतं. पण तिथलं दार लई बेसूर. उघडलं की जीव जायचा." रडायच्या तयारीत असलेल्या मामी हसल्या, आणि मग सगळा ओटाच हसला.

पार्टीचा ढोलकीवाला साहेबराव. तोही मामांच्याच कंपनीत, पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. एके दिवशी त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं प्रेसमध्ये गेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं उरलं. जखम भरली, पण साहेबराव घराबाहेर पडेना. आम्ही दुसरा ढोलकीवाला शोधूया म्हणालो, तर मामा ऐकेनात. साहेबराव ज्या जागी बसायचा तिथं ते कोणाला बसू द्यायचे नाहीत. वर्षभर आम्ही नुसत्या पेटीवर आणि टाळांवर गायलो. कार्यक्रम कमी होत गेले. लोक तोंडावर काही बोलत नसत, पण ठेका नाही म्हटल्यावर पाय हलत नव्हते.

अशातच शहरात क्रांती चौकाजवळच्या एका वाद्यांच्या दुकानात परदेशी कीबोर्ड आला. दुकानदार त्याला वर्कस्टेशन म्हणायचा. मामा मला घेऊन तिथं गेले. "मामा, इसमें पूरा ऑर्केस्ट्रा है," दुकानदार कौतुकाने सांगत होता. "बासरी, व्हायोलिन, ढोलक. रेकॉर्डिंग भी इसीमें होता."

किंमत ऐकून मी मामांना बाहेर ओढलं. तेवढ्यात नवीन मोटारसायकल आली असती. पार्टीने कितीतरी वर्षं मानधनातून साठवलं होतं ते सगळं एका यंत्रात जाणार होतं. त्याऐवजी चांगले स्पीकर येतील, माईक येतील, शिवाय आम्हाला व्हायोलिन हवंय कशाला, असं सगळं मी त्यांना ऐकवलं.

"बाई, तुम्ही पोरांना गणित शिकवता. तुमचं बरोबरच आसंल," मामा म्हणाले आणि पुन्हा आत गेले. दुकानदाराला त्यांनी एकच प्रश्न विचारला. "हे एका बोटानं वाजवलं तर कमी वाजतं का?"

दुकानदार म्हणाला, "उसको क्या मालूम, मामा, कितनी उंगलियाँ हैं?"

पुढच्या रविवारी मामा साहेबरावला घेऊन आले. यंत्रातलं मला काही कळत नाही, तुझा कान पाहिजे, एवढंच त्याला सांगितलं होतं. साहेबराव उजवा हात खिशात घालून उभा होता. दुकानदाराने कीबोर्डातला तयार ढोलकीचा ठेका लावला. साहेबरावच्या कपाळावर आठी चढली.

"आडवा चाललाय ह्यो."

"मंग सरळ कसा ते तू सांग," मामा म्हणाले.

साहेबराव डाव्या हाताने दाखवायला लागला. दुकानदाराने समजावलं की आधी नुसती जाड थाप वाजवा, ती यंत्र लक्षात ठेवेल. मग तीच वाजत राहील आणि तिच्यावर बारीक बोल चढवता येतील. साहेबरावने डाव्या बोटाने थाप दिली. ती फिरून फिरून ऐकू येऊ लागली. त्याने मान हलवली, पुन्हा दिली. मग बारीक बोल वाजवताना डावा हात पुरेना, तसा नकळत उजवा हात खिशातून बाहेर आला. अंगठा आणि ते एक बोट कीबोर्डवर पडलं. चार-पाचदा चुकलं. दुकानदाराने न कंटाळता तेवढ्याच वेळा पुसून दिलं. आणि मग एकाएकी साहेबरावची ढोलकी वाजायला लागली. यंत्रातला आडवा ठेका नव्हे, ज्यावर आम्ही इतकी वर्षं गायलो होतो तो, शेवटाला किंचित झुकणारा. बाहेर पानाच्या टपरीवर उभे असलेले दोघंजण दारात येऊन थांबले.

साहेबराव कोणाकडे न बघता वाजवत होता. मामा पाठ फिरवून भिंतीवरच्या गिटारी बघत उभे होते, बराच वेळ.

"घ्या मामा," मी म्हणाले.

"हिशेब बसला का, बाई?"

"नाही बसला. घ्या."

नामांतराची बातमी आली त्या दुपारी आमच्या वस्तीत जो कार्यक्रम झाला, त्यात साहेबराव पहिल्यांदा लोकांसमोर बसला. म्हाताऱ्या बायकासुद्धा नाचल्या. मध्येच वीज गेली. मामा शांतपणे पेटी ओढून म्हणाले, "विजेला दम खाऊ द्या," आणि टाळ्यांवर गाणं पुढे नेलं. पुढे साहेबराव त्या कीबोर्डवर वस्तीतल्या मुलींना ठेका शिकवायला लागला. मामा निवृत्त होऊन गंगापूरकडच्या आपल्या गावी गेले, तरी शिकवणी बघायला एसटीने यायचे.

मामा वारल्यावर त्यांच्या स्मरणार्थ झालेल्या पुण्यानुमोदनाला आम्ही सगळे जमलो. मामा काळी पाचमध्ये गायचे. इतका उंच सूर आमच्यापैकी कोणालाच झेपणारा नव्हता. कीबोर्डावर सूर खाली घ्यायचं बटण असतं. मी साहेबरावला खूण केली.

"नाय बाई," तो म्हणाला. "मामाचा सूर मी खाली घेणार नाय."

आम्ही गायला लागलो. अंतऱ्याला आधी माझा आवाज फाटला, मग शेजारणीचा, मग सगळ्यांचाच. पुढे बसलेल्या मामींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडताहेत, पण त्या हसत होत्या. हळूहळू सगळा मांडव हसायला लागला. साहेबरावने ठेका थांबवला नाही. आम्ही डोळे पुसले आणि ध्रुवपदापासून पुन्हा सुरू केलं, काळी पाचमध्येच.