थेट खासबागमधून

आमच्या अण्णाला जगातल्या कुठल्याही युद्धाचा निकाल सकाळच्या दुसऱ्या चहापर्यंत ठाऊक झालेला असतो. कोण कुणावर क्षेपणास्त्रं टाकणार, तेलाचं काय होणार, अमेरिका मध्ये पडणार की नुसती बघत बसणार, हे तो बनियनवर, एक पाय खुर्चीत घेऊन सांगतो. सरकारी नोकरीत असताना डोक्यावरचा बंद पंखा कधी दुरुस्त होणार हे ज्याला सांगता आलं नाही, त्याला निवृत्तीनंतर अख्ख्या पृथ्वीचं भवितव्य दिसायला लागलं. मी त्याची धाकटी बहीण. शाळेत शिकवते आणि बेळगावात खासबागमध्ये त्याच्या घराला लागूनच राहते, त्यामुळे मध्यपूर्वेत काय चाललंय ते मला भिंतीतून ऐकू येतं.

बातम्या बघण्याची आमच्या सीमाभागाची एक रीत आहे, ती पुण्या-मुंबईच्या लोकांना कळायची नाही. बेळगावची बातमी असली की अण्णा आधी मराठी वाहिनी लावतो, मग कन्नड. एकाच घटनेत पहिल्या वाहिनीवर आम्ही जिंकलेलो असतो, दुसरीवर ते. दोन्हीतलं अर्धं अर्धं तो टाकून देतो आणि खाली जे उरेल ते खरं धरतो. बहुतेक वेळा काहीच उरत नाही, मग तो चहा मागतो. इतकी वर्षं या पद्धतीनं आमचं घर शांत राहिलं. बाहेर दगडफेक झाल्याचं टीव्ही ओरडत असताना वहिनी निवांत भाजी आणायला जायची आणि कोथिंबीर स्वस्त झाल्याची खात्रीची बातमी घेऊन यायची.

पण ही गाळणी फक्त बेळगावच्या बातमीला. बाकीचं जग अण्णा न गाळता पितो.

जवळच्या बेळगुंदी गावातल्या आमच्या चुलतभावाचा मुलगा आखातात एका हॉटेलात स्वयंपाकाच्या कामाला आहे. तिकडं युद्धाच्या बातम्या सुरू झाल्या तसं अण्णानं त्या पोराला तो तिकडं राहतो त्याच शहरातल्या आगीचे व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. पोरानं एक फोटो उलट पाठवला. मित्रांबरोबर टेबलाला बसलाय, हातात शोरमा आहे, खाली लिहिलंय, "हितं कायबी न्हाय काका, जेवाय बसलोय." अण्णानं तो फोटो बोटांनी मोठा करून करून बघितला. पोराच्या मागची भिंत बघितली, भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मग चष्मा काढून निकाल दिला.

"लपवतंय पोरगं. घरच्यास्नी घोर नको म्हणून."

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण तो गाडी काढून बेळगुंदीला गेला आणि पोराच्या आईला धीर देऊन आला. ती बाई तोवर ठीक होती. शेतावर जात होती, जेवत होती. अण्णानं धीर दिल्यापासून तिनं जेवण सोडलं. पुढं कितीतरी दिवस त्या पोराला आईला व्हिडिओ कॉल करून हॉटेलचं छप्पर जागेवर असल्याचं दाखवावं लागत होतं. अण्णाला मात्र आपण वेळेवर पोचलो याचं समाधान होतं.

आता खरी गोष्ट. अण्णाची मुलगी, माझी भाची, इथल्या एका कॉलेजात शिकवते. तिला इस्लामपूरकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा पुण्यात नोकरीला. दोघं दोन-तीन महिने फोनवर बोलत होते, आणि आमची पोरगी, जी तोवर प्रत्येक स्थळाच्या फोटोकडं उत्तरपत्रिकेकडं बघावं तसं बघायची, ती फोन आला की गच्चीवर जायला लागली होती. तिला हे लग्न हवं होतं. तिनं मला तसं सरळ सांगितलंही होतं, "आत्ती, ह्यावेळी आप्पांना काय बोलू देऊ नको." आप्पा म्हणजे तिचा बाप, आमचा अण्णा. मुलाचे वडील नाहीत, त्याचे मामा सगळं बघतात. मामांना मुलगी पसंत होती, बेळगाव पसंत नव्हतं. तिकडं सारखं काहीतरी चालू असतं म्हणे. तरी भाचाच ऐकेना म्हणून ते रविवारी बघायला यायला कसेबसे तयार झाले आणि दोन्ही घरांचा मिळून त्यांनी व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप काढला. त्यात अण्णाला घेतलं. ही त्यांची चूक म्हणायची की आमची, हे अजून ठरायचं आहे.

थंडीचे दिवस, बेळगावात विधानसभेचं अधिवेशन भरलेलं. म्हणजे आमच्याकडं ज्या दिवसांत सीमाप्रश्नाला पालवी फुटते ते दिवस. शनिवारी पलीकडं कुठल्याशा स्टँडवर एका बसला काळं फासलं गेलं, त्याला उत्तर म्हणून अलीकडं एका बसला फासलं, आणि दोन्ही राज्यांनी आपापल्या बस सीमेवर थांबवल्या. आमच्या चौकात चार पोरांनी एक टायर आणून पेटवला. घोषणा दिल्या, एकमेकांचे फोटो काढले, पोलीस आले तसे सगळे पांगले. पोलीसही जरा वेळ टायरपाशी हात शेकून गेले. तोच टायर दोन्ही भाषांच्या वाहिन्यांवर दिवसभर चार बाजूंनी जळत होता आणि खाली पट्टी होती, बेळगाव पेटलं.

अण्णानं रीतीप्रमाणे दोन्ही वाहिन्या बघून चहा मागायला हवा होता. पण ह्यावेळी टायर घरापासून हाकेच्या अंतरावर होता. आयुष्यभर ज्यानं जगाच्या बातम्या दुसऱ्यांकडून घेतल्या, त्याच्या दारात बातमी चालून आली होती. तो स्वेटर चढवून गेला. देवापुढं गुडघे टेकायला त्याला डॉक्टरांनी मनाई केली आहे, पण टायरपुढं तो गुडघ्यावर बसला, फोन जमिनीलगत धरला, म्हणजे ज्वाळा आभाळाला भिडल्यागत दिसतील, आणि वाहिनीवरच्या आवाजात बोलला. "थेट खासबागमधून. परिस्थिती तणावपूर्ण आहे, पण नियंत्रणात आहे. पुढचे काही तास महत्त्वाचे." एरवी घरात मीठ मागताना तो असं मराठी बोलत नाही.

तो व्हिडिओ त्यानं आपल्या सगळ्या ग्रुपवर टाकला. भजनी मंडळाच्या, निवृत्तांच्या, बेळगुंदीच्या भाऊबंदांच्या. आणि मामांच्या.

मामांचं उत्तर आलं तेव्हा वहिनी उद्याच्या पोह्यांसाठी शेंगदाणे भाजत होती. तुमची काळजी वाटते, वातावरण निवळेपर्यंत येणं पुढं ढकलतो, पुढचं पुढं बघू. पुढचं पुढं बघू म्हणजे काय हे मुलीकडच्यांना समजावून सांगावं लागत नाही. भाचीनं फोनवरचा निरोप वाचला, बापाकडं बघितलं आणि चप्पल घातली. मी तिच्या मागं गेले.

चौकात टायरचं नुसतं वेटोळं उरलं होतं. त्याच्या शेजारी कोथिंबीरवाली आपली पाटी मांडून बसली होती, कारण तिथं ऊब होती. एक स्कूटर गेली, एक म्हातारा कुत्र्याला बिस्कीट घालत होता. भाचीनं ते सगळं सावकाश फोन फिरवून शूट केलं, कोथिंबीरवालीला भाव विचारला, तिनं सांगितला, आणि हा व्हिडिओ तिनं त्याच ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, हे आत्ताचं आहे.

मामांनी लिहिलं, हा जुना दिसतोय.

मी इतकी वर्षं मुलांना शिकवते, पण मला तेव्हा कळलं की खोटं पटवून द्यायला एक टायर पुरतो आणि खरं पटवायला आमची पोरगी पुरत नाही. मला मामांचा राग आला आणि अण्णाचा त्याहून जास्त. आम्ही घरी परतलो तर तो खुर्चीत बसून, लोक किती पटकन घाबरतात यावर वहिनीला ऐकवत होता.

भाची रडली नाही. तिनं मुलाला फोन लावला आणि माझ्यासमोरच सांगितलं की तुम्ही सीमेच्या तुमच्या बाजूला थांबा, मी येते. बघायचा कार्यक्रम मुलीच्या घरी होतो, पोहे मुलगी आणते, ही रीत. आमच्या घरातली पहिली मुलगी स्वतःला दाखवायला महामार्गावर निघाली. रविवारी सकाळी अण्णा, वहिनी, ती आणि मी गाडीत बसलो. मांडीवर बेळगावच्या मिठाईचा, कुंद्याचा डबा आणि पोह्यांचा डबा. निपाणीच्या स्टँडवर थांबलेल्या बस दिसल्या, लोक पिशव्या घेऊन वडापच्या जीपला लोंबकळत पलीकडं निघाले होते, कुणी घाबरलेलं नव्हतं, सगळे फक्त वैतागलेले होते. सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला आणि पलीकडच्या एका धाब्यावर मामा, मुलाची आई आणि मुलगा वाट बघत बसलेले दिसले. आम्ही गाडीतून उतरताना मामांनी आम्हा एकेकाकडं नीट बघून घेतलं. कुठं पट्टीबिट्टी बांधलीय का ते बघत असावेत.

धाब्यावर टीव्ही चालू होता आणि टीव्हीवर आमचा टायर. जमिनीलगत धरलेला फोन, आभाळाला भिडलेल्या ज्वाळा, आणि मागून ओळखीचा आवाज, परिस्थिती तणावपूर्ण आहे. अण्णाचा व्हिडिओ फिरत फिरत वाहिनीवर पोचला होता. खाली पट्टी होती, प्रत्यक्षदर्शीनं टिपलेला थरार. अण्णाची मान ताठ झाली. मग त्याला मुलीचा चेहरा दिसला आणि ती परत खाली गेली.

मामा पोहे खात टीव्हीकडं बघत होते. म्हणाले, कसं राहता हो तुम्ही लोक तिथं. वहिनी म्हणाली, तसं काही नाही, काल मी बाजारात जाऊन आले. मामा हसले. हे आम्ही चांगुलपणानं बोलतोय, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी अटी सांगितल्या. लग्न इस्लामपूरला. बेळगावात आमचं कुणी येणार नाही. मुलीनंही नंतर माहेरी जरा बेतानं जावं.

अण्णानं तोंड उघडलं. "अवो पाव्हणं, तिथं खरंच कायबी न्हाय."

मामांनी त्याच्या हातावर हात ठेवला. फार मायेनं ठेवला. "लपवताय तुम्ही. पोरीचं लग्न हाय, घोर नको म्हणून. कळतंय आमाला."

मी अण्णाला कुठल्याही विषयावर गप्प बसलेला कधी बघितला नव्हता. तो गप्प बसला. हात त्यांच्या हाताखालून काढूनही घेईना.

बोलली ती भाची. आवाज चढवला नाही, वर्गात फळ्याकडं पाठ करून बोलते तशी बोलली. "मामा, मी तिथंच वाढले, तिथंच शिकवते. आत्ता तिथनंच येऊन तुमच्यापुढं बसलेय. माझ्याकडं बघून तुम्हाला काय कळंना, आणि टायरकडं बघून सगळं कळतंय व्हय?"

मुलगा इतका वेळ पोह्यातल्या मिरच्या बाजूला काढत होता. मला तोवर त्याच्याबद्दल काही फार बरं वाटलं नव्हतं. तो उठला, गल्ल्यावर जाऊन धाबेवाल्याला टीव्ही बंद करायला सांगितला. परत येऊन आईला म्हणाला, मी ह्यांच्यासोबत बेळगावला जाऊन येतो. आईनं डोळ्याला पदर लावला, मुलगा सीमेवर चालला होता. मामा म्हणाले, पोचल्यावर फोन कर. कुंद्याचा डबा त्यांनी ठेवून घेतला, त्याबद्दल त्यांची काही हरकत नव्हती.

दुपारी आम्ही चौकात पोचलो. टायर झाडून नेलेला होता, डांबरावर परातीएवढा काळा डाग उरला होता. मुलगा त्या डागाशी उभा राहिला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. एवढंच, म्हणाला. भाची म्हणाली, एवढंच. कोथिंबीरवालीनं त्याला भाव सांगितला, कालपेक्षा वाढवून, कारण पाहुणा दिसत होता. त्यानं फोन काढून मामांना लावला आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. "मामा, पोचलो. हितं कायबी न्हाय. मी चौकात उभा हाय."

पलीकडून मामांचा आवाज आला, हळू, दार लावून बोलावं तसा. "शेजारी कोण हाय काय रं? बोलता येईना झालंय काय तुला?"

भाची आधी हसली, मग तोही हसायला लागला. वहिनी तोंडाला पदर लावून हसली. त्या दोघांचं लग्न होणार हे मला तिथं, त्या काळ्या डागापाशी कळलं, आणि ते बेळगावातच होणार हेही. मामांना कसं आणायचं तो प्रश्न आता त्या पोराचा होता.

अण्णा तेवढा हसला नाही. तो दुकानाच्या पायरीवर बसला होता आणि फोनमध्ये खाली मान घालून एका बोटानं काहीतरी लिहीत होता. हा आता जावई घटनास्थळी पोचल्याची बातमी देतोय अशी मला शंका आली, म्हणून फोन काढून घ्यायला मी मागून गेले. आखातातल्या पोराला लिहीत होता. व्हिडिओ नाही, आग नाही. नुसतं लिहिलं होतं, जेवलास काय रं.

उत्तर लगेच आलं, एक फोटो. अण्णानं तो मोठा करून बघितला नाही. बायकोपुढं फोन धरला आणि म्हणाला, "शोरमा खातंय पोरगं. बेळगुंदीला जाऊन सांगून येऊया त्याच्या आईला."