नावांची वही

सिंगापुरात आमच्या बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोत एक कृष्णवर्णीय अमेरिकन म्हातारा राहतो. तरुणपणी तो तिकडे समान हक्कांच्या चळवळीत होता. अजूनही महत्त्वाचं काही फोनवर बोलत नाही. खाली बागेत बोलावतो आणि चालता चालता सांगतो.

बुद्धपौर्णिमेला आम्ही त्याला घरी वंदनेला बोलावलं. रिवाजाप्रमाणे आलेल्यांची नावं, नंबर लिहायची वही फिरत त्याच्याकडे गेली. नावांनी भरलेलं पान त्यानं सरळ फाडून माझ्या हातात दिलं. मला रागच आला.

"चळवळीत आमची वही लिहिणारा सरकारचा खबऱ्या निघाला," तो म्हणाला. "माझ्या लग्नात माझ्या शेजारी उभा होता तो."

आता आम्ही वही ठेवत नाही. वंदनेला सगळे डोळे मिटतात. मी मात्र एकेकाचा चेहरा बघत बसतो.