न्हाव्याचा कोणता डोळा

ओरेस्ते पियेर्मातेईच्या एका डोळ्यातून पाणी गळायचं. थंडीत जास्त, आणि समुद्राकडून वारा सुटला की विचारूच नका. डॉक्टर म्हणाला, नाकाकडे जाणारी नळी बुजलीय, कापून मोकळी करू. ओरेस्ते म्हणाला, राहू दे, दुसऱ्याच्या हातात पातं बघितलं की माझा जीव जातो. एवढीच गोष्ट होती. तिच्यावर चाळीस वर्षं माणसं माश्यांसारखी घोंगावत राहिली. डोळा कोणता, ते मला माहीत आहे आणि मी ते लिहिणार नाही.

त्याचं न्हाव्याचं दुकान माझ्या तंबाखूच्या दुकानासमोर होतं. बापाकडून आलेलं. गावातल्या अर्ध्या हनुवट्या त्याच्या बोटांना पाठ होत्या. गावात कोणी गेलं की त्याची शेवटची दाढीही ओरेस्तेच करायचा, न बोलावता जायचा. म्हणायचा, "हे गिऱ्हाईक बरं. राजकारण बोलत नाही." दुपारी त्याची बायको एर्सिलिया दुकान झाडायला यायची आणि खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून दोघांचं भांडण जुंपायचं. भांडायला एक खिडकी पुरते, याहून सुखाचा संसार मी पाहिलेला नाही.

मग दान्ते ब्रेसान आला. गाणी हाच लिहायचा, हाच गायचा. दुकानावरच्या खोलीत त्याने एक हिवाळा काढला. त्याला ताप आला तेव्हा एर्सिलियाने वर मसुराचं सूप नेऊन दिलं. आजाऱ्याला सूप देतात, त्यात दुसरा अर्थ नसतो. हा पठ्ठ्या बरा झाला, शहरात गेला आणि त्याने गाणं काढलं: खाली न्हावी फेसात रडतो आणि वर त्याची बायको परक्याच्या उशाशी बसते. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा! गाणं रेडिओवर वाजलं. गाव थोडं हसलं आणि विसरलं.

विसरले नाहीत ते त्याचे भक्त. ब्रेसान मेल्यावर तर त्यांना ऊतच आला. दर ऑगस्टला चौकात जमायचे आणि एकमेकांना प्रश्न घालायचे. त्याच्या कोटाचं कितवं बटण तुटलेलं होतं? सूप मसुराचं की राजम्याचं? आणि सगळ्यात मानाचा प्रश्न: न्हाव्याचा रडणारा डोळा डावा की उजवा? यावरून त्यांच्यात दोन तट पडले होते. एका तटातला दुसऱ्या तटातल्याला कॉफीसुद्धा पाजत नसे. धडधाकट, शिकलेली, पोराबाळांची माणसं!

दाढी करायच्या निमित्ताने ते खुर्चीत बसायचे आणि खालून ओरेस्तेच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. एकदा एका बाईने पिशवीतून चक्क चिरलेला कांदा काढला. "थोडंसंच, सिन्योर ओरेस्ते. आम्ही फार लांबून आलोय हो." मी माझ्या दारातून बघत होते. मला शिसारी आली.

"अरे, एकाच्या तरी गळ्यावर वस्तरा घसरू दे की!" एर्सिलिया ओरडली.

"अगं, गिऱ्हाईक आहे," ओरेस्ते म्हणाला.

शेवटी तो काळा चष्मा लावून दाढी करायला लागला. दोन गिऱ्हाइकांच्या हनुवट्या कापल्या गेल्या. तेव्हा त्याने वस्तरा पुसला, शटर ओढलं आणि बापाचं दुकान संपवलं. पुढे दिवसभर माझ्याकडे येऊन बसायचा, रस्त्याकडे पाठ करून.

फेब्रुवारीत तो झोपेतच गेला. त्याची दाढी कोण करणार? एर्सिलियाने केली. फेसाची वाटी खाली ठेवली आणि मला म्हणाली, "रोझाल्बा, मयताच्या कागदावर ओरेस्ते पियेर्मातेई, न्हावी, एवढंच छापून घे. रडका नको, गाणं नको. त्याला ओरेस्ते म्हणून पुरू दे. मला दुसरं काही नको."

आमच्याकडे माणूस गेला की भिंतीभिंतीवर कागद लागतो. नाव, वय, अंत्यविधीची वेळ. भिंत वाचून गाव काळे कपडे बाहेर काढतं. कागद नाही म्हणजे माणूस अजून मेलेला नाही. संध्याकाळी कागद लागले. सकाळी बघते तर एकही जाग्यावर नाही. खळ ओलीच होती आणि चारी कोपऱ्यांना कागदाचे तुकडे तेवढे चिकटलेले. कोणी नेले ते विचारायला नको. संग्रहाला!

त्याच दुपारी कोर्रादो त्झानासी घरी आला. बोलोन्याचा दंतवैद्य, भक्तांचा म्होरक्या. ब्रेसानची खोली त्याने विकतच घेतली होती. टोपी काढून तो शवपेटीपाशी उभा राहिला. मला वाटलं, प्रार्थना करतोय. तो खाली वाकला, इतका की त्याचा श्वास ओरेस्तेच्या गालाला लागला असेल.

"सिन्योरा, आता तरी सांगा," तो हळूच म्हणाला. "डावा की उजवा? आता त्यांना काय फरक पडतो?"

एर्सिलियाने त्याच्याकडे पाहिलं. "तुझी आई आहे?"

"नाही. वारली."

"तिला पुरताना तुला कोणी विचारलं का रे, म्हातारीचा कुठला दात किडका होता म्हणून?"

"सिन्योरा," तो अगदी समजुतीने म्हणाला, "माझी आई गाण्यात नाही."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात म्हणतात. मी त्यातलं एक डोळ्यांनी पाहिलं. मी त्याला दंडाला धरून बाहेर काढला. परत येऊन बघते तर वाटीतला दाढीचा ब्रश गायब.

चर्चमध्ये आम्ही मूठभर होतो. ज्या माणसाने गावातल्या अर्ध्या मयतांच्या दाढ्या केल्या, त्याच्या मागे चालायला गाव नव्हतं, कारण गावाला वेळच कळली नाही. नंतर लोक दारात येऊन रडले, भक्तांना शिव्या देऊन गेले. एर्सिलिया सगळ्यांना एकच म्हणाली, "दगडावर नाव घालतेय. तिथे या."

आमच्या दफनभूमीत भिंतीतल्या खणांत पेट्या ठेवतात आणि तोंडाला संगमरवराची फरशी लावतात. तिने फरशीवर नाव कोरून घेतलं, खाली "न्हावी", आणि चिनीमातीवर छापलेला फोटो बसवला. फोटोत तो पोटभर हसत होता. आठवडाभरात कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घालून फोटो उपटला. नावातलं एक अक्षरही टवका उडून गेलं. कोर्रादोला मी रस्त्यात धरला, तर म्हणतो कसा, "आमचं काम नाही हे. दुसऱ्या तटाचे असणार. फोटोत डोळे स्पष्ट दिसत होते ना!"

मी तिथेच थुंकले. त्याच्या बुटांच्या फार जवळ.

एर्सिलियाने दगडवाल्याला बोलावलं आणि फरशी काढायला लावली. त्याला वाटलं, नवी लावायची. ती म्हणाली, "नवी नको. हीच लाव. उलटी."

"उलटी?" त्याने माझ्याकडे बघितलं. "अहो काकू, नाव आत जाईल. बाहेर नुसता कोरा दगड. कोणाला काय कळणार?"

"नाव त्याचं आहे," एर्सिलिया म्हणाली. "त्याला वाचता येईल असं लाव."