सख्ख्यालाच धरणारी पुटकुळी

खाडीतल्या सगळ्यांसाठी ती 'दोरवाली'. नवरा होता तेव्हाही दोर तिचेच होते, तो गेल्यावरही तिचेच राहिले. छातीभर पाण्यात खुंट्यांना ताणलेले दोर आणि त्यांना लोंबणारं लाल शेवाळ. कारखान्यात ते उकळून जेली घट्ट करायची पूड काढतात. बाकीचे जाड, ठिसूळ वाण लावत. दोरवालीचा वाण मात्र बारीक आणि लवचीक. खडकांवरून एकेक काडी निवडत तिने तो वर्षानुवर्षं जोपासला होता.

मग धाकट्या दिराच्या दोरांवर तसलंच शेवाळ दिसलं.

"भाऊजी, हे माझ्या दोरावरचं आहे."

"समुद्र काय तुमच्या माहेरचा, वहिनी? मी लांबच्या बेटावरून आणलंय. दिसायला सारखं, पण वाण निराळा."

तिथेच तर पंचाईत होती. लाल शेवाळाचे सारखे दिसणारे वाण नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखू येत नाहीत. कारखान्याने 'नवा वाण' दिराच्या नावावर लावला आणि दोरवाली ठरली भल्या माणसावर आळ घेणारी बाई.

त्याच हंगामात तिच्या एका दोरावर मोहरीएवढ्या पांढुरक्या पुटकुळ्या आल्या. ही पुटकुळी म्हणजेही लाल शेवाळच, पण रंग हरवून बसलेलं, स्वतःचं अन्न न करणारं. ते शेजारच्या पेशीला चिकटून आपलं केंद्रक तिच्यात सोडतं. मग घर एकाचं, कारभार दुसऱ्याचा. आणि ते धरतं फक्त आपल्या जवळच्या नात्यातल्याला. बाजूच्या जाड शेवाळावर एक ठिपकाही नव्हता.

असा दोर लोक लगेच उपटून उन्हात टाकतात.

"आई, उपट ना!" लेक म्हणाली. "पसरलं तर कारखाना हात लावणार नाही."

"राहू दे. अगदी तुझ्या काकासारखी आहे ही. घरातलीच, आणि आयतं खाणारी."

तिने निरोगी काड्या घरी टबात ठेवल्या आणि ओहोटी साधून पुटकुळ्यांचे झुबके दिराच्या दोरांत विणून आली.

काढणीच्या दिवशी कारखान्याच्या माणसाने दिराचा पहिला दोर उचलला तर काय, दोरभर पुटकुळ्या! किनारा गोळा झाला.

"वहिनी, हे तुमचंच काम!"

"माझंच," ती म्हणाली. "तुमच्या दोन्ही बाजूंना जाडवाल्यांचे दोर आहेत. त्यांच्यावर एक तरी पुटकुळी दाखवा. ही फक्त माझ्या वाणाला धरते. तुमचा तर बेटावरचा ना? मग हिने त्याला ओळखलं कसं?"

"चोराच्या उलट्या बोंबा!" होडी ओढणारा म्हातारा म्हणाला आणि हशा उसळला.

पुटकुळी तोवर दोरवालीच्याही सगळ्या दोरांवर पसरली होती; कारखान्याने हात लावला नाही आणि दोघांचंही पीक वाळूवर पडलं. खाडीत तो वाण उरला फक्त दोरवालीच्या टबात.

संध्याकाळी दीर दारात येऊन उभा राहिला. "वहिनी, थोड्या काड्या..."

"मोठ्याने बोला, भाऊजी. शेजारी ऐकू दे."

त्याने खाली मान घातली. "तुमच्या वाणाच्या काड्या द्याल का?"

'तुमच्या' हा शब्द तिने मनात पुन्हा एकदा ऐकला. किती गोड लागला.

"नाही," ती म्हणाली आणि टबातलं पाणी बदलायला आत गेली.