ताण जास्त, ताण मध्यम

इलियासभाईंच्या हाताखाली दोनशे चाळीस पट्टेवाले होते. खुद्द प्राचार्यांच्या हाताखाली दोनच, आणि त्यातला एक कायम रजेवर. आता हे दोनशे चाळीस म्हणजे अंगावर निळे पट्टे असलेले, बोटाच्या दीड पेराएवढे झेब्राफिश होते, ही गोष्ट वेगळी.

खुलताबादहून सकाळची एसटी पकडून ते कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात यायचे. हुद्दा प्रयोगशाळा परिचर, नेमणूक कंत्राटी, अकरा महिन्यांची. असे अकरा-अकरा महिने जोडत एकोणीस वर्षं झाली होती. मधला एक महिना कॉलेजच्या कागदावर इलियासभाई नसायचेच. मासे मात्र त्या महिन्यातही खायला मागायचे, म्हणून ते तेव्हाही यायचे.

मासे विशाखा मॅडमच्या प्रयोगाचे. या माशाच्या शेपटीचा पर कापला तर तो काही आठवड्यांत परत उगवतो, आणि बरोबर पहिल्याएवढाच होऊन थांबतो. थांबायचं कुठं, हे त्याला कळतं कसं? मॅडमचा तर्क असा, की पाण्याचा जोर त्यात हात घालत असावा. धारेविरुद्ध पोहताना उरलेला पर खेचला जातो, पेशी ताणल्या जातात, आणि त्या ताणावरून वाढ कमी-जास्त होते. म्हणून तीन टाक्या होत्या. एकीत धार जोराची, दुसरीत बेताची, तिसरीत पाणी संथ. इलियासभाईंना सोयीचं जावं म्हणून मॅडमनी मराठीत पाट्या लावल्या होत्या: ‘ताण जास्त’, ‘ताण मध्यम’, ‘ताण नाही’.

धार मोजायचं यंत्र गेल्या वर्षीच बिघडलेलं. दुरुस्तीचा अर्ज कुठल्याशा टेबलावर मुक्कामाला होता. तेव्हापासून इलियासभाई पंपाच्या आवाजावरून धार ओळखायचे आणि चावी पाव फेरा इकडंतिकडं करायचे. प्रयोगाची ही शेवटची फेरी, एकवीस दिवसांची. त्यात पंप एक दिवस बंद पडला, तर मॅडमची दोन वर्षं पाण्यात जाणार होती.

आठव्या दिवशी, मॅडम परिषदेला पुण्यात असताना, प्राणी कल्याण समितीचे अध्यक्ष सुदर्शन सर पाहणीला आले. सरांचा विषय बँकिंग. समिती त्यांना सेवाज्येष्ठतेनं मिळाली होती. पाट्या वाचून त्यांचा चेहरा पडला.

“काय रे इलियास, माशांना ताण देता तुम्ही?”

“देतो ना सर. चोवीस तास.”

“आणि हे ‘जास्त’?”

“त्यांना लई देतो.”

“त्यांनी काय गुन्हा केला?”

“काय नाय सर. नंबर तिकडं लागला त्यांचा.”

दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघालं. माशांवरील ताण सात दिवसांत पूर्णपणे दूर करावा, अन्यथा परिचराच्या मुदतवाढीचा विचार होणार नाही. दरम्यान टाक्यांजवळ मंद बासरीवादन लावावं, अशीही सूचना होती. इलियासभाईंची मुदत त्याच महिन्यात संपत होती.

मॅडम परतल्या आणि तडक सरांकडं गेल्या. हा ताण पदार्थविज्ञानातला आहे, दोरी ताणतो तसला, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं.

“मॅडम, ताण तो ताण,” सर म्हणाले. “मला स्वतःला बीपी आहे.”

इलियासभाईंना चार दिवस जेवण गोड लागलं नाही. पंप बंद केला तर नोकरी वाचत होती आणि मॅडमचं काम बुडत होतं. चालू ठेवला तर इलियासभाईंच्याच घरची चूल विझत होती. बायकोनं, बिल्किसनं, घरी विचारलं, तेव्हा ते तिच्यावर उगाच खेकसले, आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

परिपत्रक निघाल्याच्या सहाव्या दिवशी त्यांनी पाट्या काढून नव्या लिहिल्या: ‘ओढ जास्त’, ‘ओढ मध्यम’, ‘ओढ नाही’. मॅडम पोट धरून हसल्या. शास्त्राच्या दृष्टीनं त्यात काही चूक नव्हती. पंप होता तिथंच, होता तसाच चालू राहिला.

सातव्या दिवशी सर आले.

“ताण?”

“गेला सर. आता नुसती ओढ हाय.”

“कशाची?”

इलियासभाईंनी टाकीकडं बोट केलं. “पाण्याची, सर.”

सर टाकीजवळ वाकले. सगळे मासे धारेच्या उलट, एकाच दिशेला तोंड करून उभे होते, आणि त्या दिशेला प्राचार्यांची खोली होती. सरांना भरून आलं. त्यांनी माशांसोबत फोटो काढून घेतला आणि अहवालात लिहिलं, की माशांचा ताण शून्यावर आला असून त्यांच्यात संस्थेविषयी ओढ निर्माण झाली आहे.

प्रयोगाच्या एकविसाव्या दिवशी, शनिवारी, कार्यालयातून पाकीट आलं. समितीच्या अहवालानुसार माशांवर आता कोणताही ताण उरलेला नसल्यामुळं स्वतंत्र परिचराची आवश्यकता राहिलेली नाही. सबब मुदतवाढ नामंजूर.

इलियासभाईंनी पत्र दोनदा वाचलं. एकोणीस वर्षांत ते सरांना उलट शब्द बोलले नव्हते, आणि आज बोलायला सर जागेवर नव्हते. त्यांनी पत्र खिशात घातलं आणि मॅडमसोबत मोजणीला बसले. भुलीच्या पाण्यातून एकेक मासा ओल्या तळहातावर घ्यायचा, पर मोजून होईपर्यंत हात हलू द्यायचा नाही. शेवटचा मासा टाकीत परत सोडून झाल्यावर त्यांनी पत्र पुढं केलं.

मॅडम ताडकन उठल्या. “हा शुद्ध मूर्खपणा आहे! इलियासभाई, सोमवारी मी संस्थाचालकांना भेटते. उद्यापासून पुढच्या प्रयोगासाठी नव्या पट्टेवाल्यांची तुकडी सुरू करायची होती मला, तुमच्याशिवाय कशी करू?”

“जा म्याडम, जरूर भेटा,” इलियासभाई हात पुसत म्हणाले. “पण उद्या रविवार. सोमवारी तुम्ही तिकडं जाणार. तवर पंपाचा आवाज कुणी ऐकायचा, तेवढं आज ठरवा.”

मॅडम पंपाजवळ गेल्या आणि कान लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांना काहीच ओळखू आलं नाही.